टिक्क आणि फुर्र

“...मग पाठीवरच का घेत नाही ती मला?”

केतकीने विचारलं. हैबती वस्ताद कडुलिंबाखाली बसून लगामाला तेल चोळत होते.

तिने पुन्हा सगळं सांगितलं. मुठीतल्या क्लिकरची कळ दाबून ‘टिक्क’ केलं की साळुंकी घोडीला कळतं, आत्ता केलं ते बरोबर. मग गुळाचा खडा. एवढ्या जोरावर घोडी मागे सरते, वळते, खूर हातात देते, फडफडत्या ताडपत्रीवरून चालते. आपली टिक्क कधी चुकत नाही, हेही तिने ठसक्यात ऐकवलं. त्यात खोटं काही नव्हतं. वस्तादांनाही तो क्लिकर फार आवडला होता; मध्यंतरी मागून नेऊन त्यांनी आपल्या शेळीला फाटक लावायला शिकवलं होतं.

पण रिकिबीत पाय गेला की साळुंकी अंग चोरून बाजूला सरायची. आधीच्या मालकाने वरातीत नाचवताना तिला फार मारलं होतं. आता केतकीच्या मामांनी निक्षून सांगितलं होतं, दसऱ्यापर्यंत स्वार घेतला नाही तर घोडी बाजारात जाईल. तिथून तिला पुन्हा वरातवालाच नेणार, या धास्तीने केतकीला जेवण जात नव्हतं.

“बाजूला सरते तेव्हा तू काय करतेस?” वस्तादांनी विचारलं.

“काही नाही. चुकलं की टिक्क नाही, गूळ नाही. पुन्हा पहिल्यापासून.”

“हं... आण ते इकडे.”

क्लिकर त्यांनी खिशात टाकला. गुळाची पिशवीही ठेवून घेतली आणि म्हणाले, चढ आता.

केतकीने लगाम आवळला, दात आवळले, पाय उचलला. घोडी सरली. वस्ताद तेल चोळत राहिले... पुन्हा तेच. पुन्हा तेल...

शेवटी कंटाळून केतकी लगाम सैल सोडून नुसती उभी राहिली. साळुंकीने अंग सैल सोडत नाकपुड्यांतून लांब ‘फुर्र’ केलं.

वस्ताद उठले आणि गुळाचा खडा त्यांनी केतकीच्या तोंडात घातला.

“मला कशाला, वस्ताद?”

ते परत जाऊन बसले.

मग बराच वेळ ही गंमत चालली. केतकी पुढे घुसली की काही नाही. खांदे सैल सोडून श्वास टाकला की घोडीचं फुर्र, आणि लगेच गूळ. घोडीने रागाने कान पाडताच रिकिबीतला पाय काढून घेतला, तेव्हाही फुर्र, तेव्हाही गूळ. खाऊन खाऊन पोरीचा घसा खवखवायला लागला. स्वतःच्या टिक्कवर इतकी मिरवणारी ती, आता साळुंकीच्या नाकपुड्यांवर डोळे लावून होती.

उन्हं उतरली. केतकीने घोडीच्या मानेला कपाळ टेकवलं.

“नको असेल तर नको, गं... मामांशी मी भांडेन.”

हे तिने अगदी मनापासून म्हटलं. त्या घटकेला तिला स्वार व्हायचंच नव्हतं.

साळुंकी जागची हलली नाही.

केतकीने पाय रिकिबीत ठेवला. थांबली. वाट पाहिली...

फुर्र.

ती अलगद वर गेली. घोडी तशीच उभी होती, एक कान मागे वळवून. केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आता लागलेल्या सवयीने तिने गुळासाठी हात पुढे केला.

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उरलासुरला गूळ तळहातावर घेऊन ते घोडीपुढे जाऊन उभे राहिले. तिच्या कपाळावरची आयाळ त्यांनी बाजूला सारली.

“दमलीस ना गं, बये?” ते म्हणाले. “पण शिकली हो पोर.”