चिंचेने बुजवलेली भेग

रानालगतच्या गावात घरोघरी बंदुका होत्या, त्या काळची गोष्ट. अंतोबा शिकारी झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या टाकत नसे. चिंचेच्या पाण्यात उकळायचा, उन्हात वाळवायचा आणि एकेकीवरून नख फिरवायचा. नखाला भेग लागली की ती मोडीत. बाकीच्यांत पुन्हा दारू भरायची.

एका पुंगळीला बुडाशी बारीक भेग पडली होती. पुंगळीने स्वतःच ती चिंचेच्या कोळाने बुजवली.

शेजारची जुनी पुंगळी म्हणाली, "बाई, दाखव त्याला. मोडीत गेलीस तर घंटा तरी होशील."

"एवढी लखलखतेय मी. त्याला काय कळणार आहे?"

अंतोबाचं नख कोळावरून अलगद घसरलं.

दुसऱ्या दिवशी बंदूक झाडताना ती पुंगळी फुटली आणि अंतोबाचा उजवा डोळा गेला.

महिन्याभराने त्याने ती फाटकी पुंगळी उचलली.

"फेका ती मेली," बायको म्हणाली.

"तिचा काय दोष? पारखली मी. माझंच नख चुकलं."

बोलता बोलता तो सवयीने तिला धोतराच्या सोग्याने पुसू लागला. त्याने आपल्याला फेकून द्यावं, असं पुंगळीला फार वाटलं. तो पुसत राहिला आणि ती पुन्हा लखलखू लागली.