विरजणाचा चिखल

एकदा एका व्यापाऱ्याची डिझेलची टाकी फुटली आणि सारे तेल खाडीकाठच्या एका गावाच्या पाणथळीत उतरले. पाण्यावर तवंग, चिखलात तेल, आणि मासळीला असा दर्प की गावातली मांजरेही तिला तोंड लावेनात. व्यापारी म्हणाला, "मुरूम टाकून बुजवू. दिवाळीनंतर सभेत ठरवा." पाणथळ बुजली की गावाचे पोटही बुजले, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्याच गावचा एक तरुण एका वृद्ध गुरूंपाशी वनस्पतींची विद्या शिकत होता. बापाचे जाळे खुंटीला टांगलेले पाहून तो गुरूंना घेऊन आला. गुरूंनी पेंढ्याने तवंग टिपून घेतला, चिखलात देवनळाची, म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या उंच वेतासारख्या गवताची, रोपे लावली आणि म्हणाले, "आता थांबायचं."

नेमके तेच शिष्याला जमेना. जीव टांगणीला लागलेला. पहाट झाली की हा पठ्ठ्या पाणथळीत हजर. एखादे रोप उपटायचे, मुळे धरली का ते पाहायचे, पुन्हा खोचायचे. रोपे पिवळी पडू लागली, तसा तो अधिकच उपटू लागला.

एके सकाळी गुरूंनी विचित्रच आरंभले. व्यापाऱ्याच्या गोदामामागे तेलाची एक जुनी नळी वर्षानुवर्षे ठिबकत होती. तिच्याखालचा काळाकुट्ट, उग्र वासाचा चिखल त्यांनी घमेल्यातून आणला आणि रोपांच्या बुडाशी थापू लागले.

शिष्याचा तोल सुटला. "गुरुजी, हे काय चालवलंत? घाण काढायची की वाढवायची?"

गुरू थापता थापताच म्हणाले, "तुझी आई दही कशानं लावते?"

"दह्यानंच."

"मग? त्या नळीखाली इतकं तेल मुरलं, तरी तिथं गवत कसं माजलंय? त्या चिखलात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. तेल खाऊनच ते पोसले आहेत. हे त्यांचं विरजण. देवनळाची मुळं त्यांना चिखलात हवा पोचवतील आणि ते तेल संपवतील. पण विरजलेलं भांडं कुणी घडोघडी ढवळून पाहतं का? रोपं तेलानं कमी, तुझ्या काळजीनं जास्त मरताहेत."

शिष्य ओशाळला, तरी धीर कुठला? "दही रात्रीत लागतं, गुरुजी. सभा तर तोंडावर आली!"

"सभेपर्यंत पाणी स्वच्छ होणार नाही. याला काही वर्षं लागतील. तसंच सांग."

ते दिवस शिष्याने कसे काढले ते त्याचे त्यालाच ठाऊक. काठावर येरझारा घालायचा, हात मागे बांधून. अन्नावरची वासनाच उडाली होती.

सभा भरली. व्यापाऱ्याने सर्वांसमक्ष विचारले, "काय, झालं का स्वच्छ?"

होकार शिष्याच्या ओठांवर आला होता. बाप समोरच बसला होता.

"नाही," तो म्हणाला. "पण विरजण लागलंय. बुडाशी नवे कोंब फुटलेत. वर्षं जातील, किती, ते मला सांगता येणार नाही."

सभेत कुजबुज झाली. व्यापारी हसला. तेवढ्यात मासे विकण्यात केस पिकलेली एक म्हातारी पुढे आली आणि दरडावून म्हणाली, "लागलंय म्हणतोय ना पोर? मग मुरूम न् बिरूम काही नको. कुणी हात लावायचा नाही त्याला!"

बापाने मान डोलावली, मग एकेक करून साऱ्यांनीच. पाणी अजून काळेच होते. शिष्य मात्र कितीतरी दिवसांनी घरी जाऊन पोटभर जेवला.