गावचं विरजण

एका डोंगरापायथ्याच्या गावात एक गवळी राहायचा. त्याला एक मुलगी आणि एक धाकटा मुलगा. मुलाने पोरवयात पाटलाची गाय चोरली, म्हणून राजाच्या शिपायांनी त्याला पोरांच्या बंदिशाळेत नेलं. तो आता सुटून आला होता.

त्या गावाची एक रीत होती. बाहेरून राहायला येणाऱ्याला गवळ्याच्या घरचं विरजण द्यायचं. सकाळी पंच नव्याच्या आणि गवळ्याच्या, दोन्ही घरचं दही चाखत. नव्याचं दही लागलं तर तो गावचा, नाही तर त्याने वेस ओलांडायची. बंदिशाळेतून परतलेल्या मुलालाही हीच रीत लागू झाली.

विरजण सांभाळायची मुलगी. आणि ती नुसती जळत होती. ओसरीवर बाप लेकाला पुरणपोळी वाढत होता.

"इतकी वर्षं धारा मी काढल्या, मला कधी गुळाचा खडा नाही. आणि चोराचे एवढे लाड!" ती पुटपुटली.

त्याचं दही लागूच नये म्हणून तिने वाटीभर विरजण निखाऱ्यावर ठेवलं, चांगलं तापवलं आणि निवल्यावर भावाच्या हाती दिलं. डोळे मात्र सारखे ओसरीकडे. त्या नादात विरजणाचं गाडगंही चुलीशेजारच्या गरम वैलावरच राहून तापलं, याचा तिला पत्ता नव्हता. संध्याकाळी त्यातलंच तिने आपल्या दुधात घातलं.

भावाने वाटीत पाहिलं. विरजण फुटून पाणी सुटलं होतं. तो वाटी घेऊन वेशीजवळच्या आपल्या खोपटात गेला.

सकाळी पंच आले. भावाचं दही जरा सैल होतं, पण लागलं होतं. गवळ्याच्या घरचं झाकण काढलं, तर आत दूध जसंच्या तसं!

"एकच विरजण ना? मग हे कसं?" पंचांनी विचारलं.

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "मी मिरचीचे देठ घालून लावलं. बंदिशाळेत आम्हाला कोण विरजण देणार? तिथे असंच लावायचो. आईच्या मागं ताईच्या हातचं दही खाल्लेलं, त्याची फार आठवण यायची."

मुलीला रडू फुटलं. "मीच तापवलं. मला याचा हेवा वाटला," ती म्हणाली.

बापाची मान खाली गेली. लेकीचं कौतुक आपण कधी केलंच नव्हतं, हे त्याला तेव्हा उमगलं.

भावाने आपलं मडकं पुढे केलं. "ताई, यातलं घे. गावाला दही लागेल ना?"

पंचांनी त्याला गावचा मानलं. त्या दिवसापासून गावात भावाच्या मडक्यातलं विरजण चालू लागलं, आणि ते वाटायची ताईच.

तात्पर्य: परतून आलेल्याला जागा दिली म्हणून आपली जागा जात नाही, हेव्याने त्याची वाट अडवली, तर घर मात्र आपलंच अडतं.