एका जांभळीतली दोन राज्ये

रान संपून शेते सुरू होतात अशा एका डोंगरउतारावर एक जुनी जांभळी उभी होती. तिच्या खोडात एकीवर एक अशा दोन ढोल्या होत्या आणि दोन्हींत मधमाश्या राहत असत. वरच्या ढोलीत वरची राणी, खालच्या ढोलीत खालची राणी. दोन्ही घरांच्या मध्ये कुजक्या लाकडाचा एक पातळ पडदा तेवढा होता.

वरच्या माश्या रानात जात. हिरडा, कारवी, जे फुलेल ते गोळा करत. त्यांचा मध काळसर आणि थोडा तुरट असे. खालच्या माश्या शेतांवर जात. तीळ आणि कारळा फुलला की त्यांची चंगळ होई आणि त्यांचा मध फिकट पिवळा उतरे. ज्या घरचा मध, त्या घरचा वास अंगाला. मुलांनो, मधमाश्यांमध्ये वास हीच ओळख असते. अंधाऱ्या ढोलीत तोंड कोण पाहणार? जिच्या अंगाला आपला वास ती आपली, बाकीच्या परक्या. फुले कुठे आहेत हे मधमाश्या नाचून सांगतात, पण नाचाची बोलीही दोन्ही घरांत वेगळी होती. वरच्या माशीने कमरेला एक झोका दिला, तर फुले टेकडीपलीकडे आहेत असे समजायचे. खालच्या माशीचा तोच झोका बांधापलीकडच्या शेताविषयी असे.

वरचे राज्य मोठे होते, खालचे लहान. दोघांत वैर नव्हते, फार जवळीकही नव्हती. जांभळीला मोहोर आला की फांद्यांवर गाठ पडे, दोन शब्द बोलून जी ती आपल्या वाटेने जाई.

एका वर्षी पावसाळा सरता सरता गांधीलमाश्या आल्या. गांधीलमाशी मधमाशीच्या कितीतरी पट मोठी. तिचे कवच इतके कठीण की त्यात डंख शिरत नाही. मधमाश्यांना तिच्यावर एकच उपाय ठाऊक असतो. पुष्कळ जणींनी तिला चहूबाजूंनी गच्च वेढायचे, गोळा करायचा आणि सगळ्यांनी मिळून अंग थरथरवायचे. आत इतकी उष्णता होते की गांधीलमाशी मरते. वरच्या घरात माश्या भरपूर होत्या, त्यांना हे जमे. खालच्या घरात गोळा पुरा होत नसे. गांधीलमाशी खालच्या दारासमोर घिरट्या घालत राही आणि शेतावरून दमून आलेली माशी दिसली की तिला अलगद उचलून नेई.

वरच्या राणीने खाली निरोप धाडला. दोन्ही घरे एक करावीत, असा तो निरोप होता. एक झाड, एक राणी, एक दार. खालच्यांनी वर यावे, वरचा मध खावा, वरच्या बोलीत नाचावे, म्हणजे कोणत्याही गांधीलमाशीची मान वर करण्याची हिंमत होणार नाही. राणीच्या मनात कपट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. तिला खरोखर वाटत होते की ती शेजाऱ्यांना वाचवते आहे.

खालच्या ढोलीत त्यावर खूप बोलणे झाले. शेतांवर जाणारी एक कामकरी माशी एकत्र होण्याच्या बाजूची होती. रोज आपल्यातली कुणीतरी परत येत नाही, मग कशासाठी अडून बसायचे, असे तिचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते, आणि अनेकींना पटले. तेव्हा दारावरची पहारेकरीण पुढे आली. तिच्या एका पंखाचा काठ फाटलेला होता, त्यामुळे ती लांब उडत नसे. सगळा दिवस दारात काढी.

ती म्हणाली, "मदत घ्यायला मला कमीपणा वाटत नाही. पण वर गेल्यावर आपल्या राणीचे काय होणार, ते या निरोपात नाही. ते आधी विचारा."

निरोप घेऊन आलेल्या माशीला विचारले. ती म्हणाली की एका घरात एकच राणी असते, हे सर्वांना ठाऊकच आहे. त्यानंतर कुणाला काही विचारावे लागले नाही. खालच्या राणीने निरोपाबद्दल आभार मानले आणि उलट निरोप दिला, की आपण आपापल्या घरी राहू, पण गांधीलमाशी आली की एकमेकींना साद घालू.

वरच्या राणीला हे झोंबले. खालच्या माश्या हट्टाने मरतील, मग रिकाम्या ढोलीत गांधीलमाश्याच घर करतील आणि आपल्या पायाशी येऊन बसतील, असे तिला दिसू लागले. तिने हुकूम दिला. वरच्या माश्यांनी मधला लाकडी पडदा कुरतडायला घेतला. लाकूड कुजकेच होते. एका संध्याकाळी, खालच्या माश्या शेतांवरून नुकत्या परतल्या असताना, पडद्याला भोक पडले आणि वरच्या माश्या झुंडीने खाली उतरल्या.

त्या म्हणत होत्या, की घाबरू नका, आम्ही तुम्हाला न्यायला आलो आहोत. पण अंधारात शब्द कोण ऐकतो? परका वास दाटला आणि खालची प्रत्येक माशी डंख उगारून उभी राहिली. मधमाशीला मधमाशीचा डंख बसला की ती बहुधा वाचत नाही. त्या संध्याकाळी दोन्ही घरच्या शेकडो माश्या मेल्या. वरची राणी विजयाची बातमी येण्याची वाट पाहत होती. ती आलीच नाही. उरलेल्या माश्या एकेक करून भोकातून परत वर आल्या आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. सकाळी दोन्ही दारांतून मेलेल्या माश्या बाहेर काढण्यात आल्या. जांभळीच्या बुंध्याशी त्यांचा थर पडला. त्यावर गांधीलमाश्या तुटून पडल्या. आधी एखाददुसरी येत असे, आता तिच्या मागून दुसऱ्याही येऊ लागल्या.

पडद्याचे भोक बुजवायला मेण लागते आणि मेण घालायला हात लागतात. दोन्ही घरांत आता जास्तीचे हात उरले नव्हते. म्हणून भोक तसेच राहिले आणि दोन्ही बाजूंनी पहारा बसला. खालून फाटक्या पंखाची पहारेकरीण बसली. वरून एक जाडजूड, संथ चालणारी पहारेकरीण आली. दोघी समोरासमोर बसत. सुरुवातीला दोघींचे डंख बाहेर असत आणि कुणी कुणाशी बोलत नसे.

पण भोकाला पहारा कळत नाही. खालची ऊब वर जाई, वरच्या मधाचा तुरट वास खाली येई. दिवस जात राहिले. एके दुपारी वरच्या पहारेकरणीने विचारले, की आज तुमच्याकडे रडवेली गुणगुण का आहे. खालची तोंड फिरवून बसली. दुसऱ्या दिवशी मात्र ती आपण होऊन म्हणाली, "काल आमच्या तिळावर गेलेल्या माश्यांतली एकही आली नाही." वरची डंख आत घेऊन बसली. नंतर खालचीनेही घेतला.

मग दोघी कामापुरते बोलू लागल्या. गांधीलमाश्या शेतांच्या बाजूने येत, म्हणून त्या खालच्या दारातून आधी दिसत. खालची पहारेकरीण भोकाशी तोंड नेऊन वर सांगे, आणि वरच्या माश्या वेळीच घरात येत. राणीला विचारून हे सुरू झाले नव्हते. दोन पहारेकरणींनी ते आपसात सुरू केले होते.

एके सकाळी एक भली मोठी गांधीलमाशी सरळ वरच्या दारात घुसली. माश्यांनी तिला वेढले, पण गोळा पातळ पडला. लढाईत गेलेल्या माश्या कुठून आणणार? गांधीलमाशी पाय झाडत, जबडा मारत आत सरकू लागली. तिच्या वाटेवर पिलांच्या कोठ्या होत्या.

वरची पहारेकरीण भोकाशी धावली. "आमच्या कमी पडताहेत," एवढेच ती म्हणाली.

खालच्या पहारेकरणीला ती संध्याकाळ आठवली. तिच्या कितीतरी बहिणी त्याच भोकाखाली पडल्या होत्या. मग वळून तिने घरातल्या माश्यांना हाक दिली आणि स्वतः सर्वांच्या आधी वर चढली. तिच्या मागे खालचे घर लोटले. गोळ्यावर गोळा चढला, सगळी अंगे एका लयीत थरथरू लागली. आतल्या आत ढोली तापली आणि थोड्या वेळाने गांधीलमाशीची धडपड थांबली. त्या गर्दीत कुणी कुणाला परके म्हणून डंख मारला नाही. भोकातून इतके दिवस वारा खेळला होता की दोन्ही घरांचे वास एकमेकांत मुरले होते.

काम झाल्यावर खालच्या माश्या निघाल्या. वरच्या राणीपाशी एकजण हळूच म्हणाली, की आता त्या आपल्याच घरात आहेत, भोक बंद करून टाकले तर सगळे आपोआप एक होईल. राणी बराच वेळ त्या उतरणाऱ्या माश्यांकडे पाहत होती.

"नाही," ती म्हणाली. "त्या आपल्या पायांनी आल्या. आपल्या पायांनी जाऊ देत."

त्या दिवसापासून भोकावरचा पहारा राहिला, पण तो अडवण्यासाठी नव्हता. साद आली तर ती लगेच ऐकू जावी म्हणून होता. थंडी वाढली, गांधीलमाश्या विरळ होत गेल्या. दोन घरे, दोन राण्या आणि मध्ये एक वाट, असा तो हिवाळा सुरू झाला.

ऐन पौषात खालची राणी वारली. ती म्हातारीच झाली होती. थंडीत नरमाश्या नसतात, त्यामुळे नवी राणी तयार होण्याचा मार्ग नव्हता. आणि राणीशिवाय घर हळूहळू रिकामे होत जाते. खालच्या ढोलीत पुन्हा सभा भरली. सगळ्या फाटक्या पंखाच्या पहारेकरणीकडे पाहत होत्या. तिने सर्वांचे मत विचारले, ज्यांना जायचे नव्हते त्यांचेही ऐकून घेतले आणि सगळ्यांनी होकार दिल्यावर ती भोकातून वर गेली.

वरच्या राणीसमोर ती नमून उभी राहिली. तिने सांगितले की आम्हाला तुमच्या राज्यात यायचे आहे, पण खालचे दार आणि खालच्या कोठ्या मोडायच्या नाहीत, आमच्या नाचाला हसायचे नाही आणि घराचा काही निर्णय व्हायचा असेल तर आम्हालाही विचारायचे.

राणीने सगळे मान्य केले. मग ती म्हणाली, "एक विचारू का? तेव्हा मी हेच म्हणत होते. तेव्हा तुम्ही मरायला तयार झालात आणि आज स्वतःहून आलात. असे का?"

पहारेकरीण म्हणाली, "राणीसाहेब, तेव्हा तुम्ही आम्हाला न्यायला आला होतात. आज आम्ही यायला निघालो आहोत."

राणी स्वतः भोकाशी गेली आणि खालच्या माश्यांना वाट देत बाजूला उभी राहिली.

या वेळी एकही माशी मेली नाही. अडचणी आल्याच. सुरुवातीला खालचीचा नाच पाहून वरच्या माश्या टेकडी ओलांडून गेल्या आणि फुले मिळाली नाहीत म्हणून चिडून परतल्या. फुले बांधापलीकडेच होती. वरचीचा नाच पाहून खालच्या माश्या बांधावर घुटमळल्या. मग नाचायच्या आधी "मी वरची" किंवा "मी खालची" असे सांगायची पद्धत पडली. मध मात्र दोन्ही ढोल्यांत काळसर आणि पिवळा मिळून साठू लागला.

फाल्गुनात रान फुलले, पिले वाढली आणि दोन्ही ढोल्या भरून माश्या खोडाबाहेर लोंबू लागल्या. इतक्यांना एक घर पुरेना. घरात नवी राणी जन्माला येणार होती. तेव्हा सर्वांना विचारून असे ठरले की जुन्या राणीने निम्म्या माश्या घेऊन नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडात नवे राज्य मांडावे. एक राज्य करण्यासाठी जिने एकदा एवढा रक्तपात केला, तीच राणी आता राज्याचे दोन भाग करून निघाली होती आणि कुणी तिला अडवत नव्हते. फाटक्या पंखाची पहारेकरीण एवढ्या लांब उडू शकत नव्हती. ती खालच्या दारात राहिली. राणी उडण्यापूर्वी तिच्यापाशी थांबली आणि म्हणाली, "साद घाला. ऐकू आली तर येऊ."

थवा उठला, जांभळीभोवती एकदा फिरला आणि नदीकडे गेला. त्यात वरच्या माश्या होत्या, खालच्याही होत्या. कोण कुठली, हे आता त्यांनाही सांगता आले नसते.

तात्पर्य : शेजाऱ्यांनी एक व्हावे की वेगळे राहावे, हे त्या दोघांनी मिळून ठरवायचे असते, एकट्याने ठरवून दुसऱ्यावर लादलेली एकी ही चढाईच असते.