आवडीचं किराईत

डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या सड्यावर अजून पायवाटसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. सड्याखालच्या वाडीत आवडी नावाची बाई झाडपाल्याचं औषध द्यायची. पावसाळा सरला की वाडीत हिवताप शिरायचा. मग आवडी सड्यावर चढायची, कातळाच्या भेगांतलं किराईत उपटून आणायची आणि त्याचा कडूजहर काढा घराघरांत पाजायची. तिच्या हातचा काढा पोटात गेला की ताप मागे वळूनही बघायचा नाही, असं म्हणतात.

आवडी म्हातारी झाली. गुडघे धरले. वाडीचा तिच्यावर फार जीव. शेजारचा रावजी म्हणाला, "आये, आता तू वर जायाचं नाय. किराईतच तुज्या दारात आणतो."

त्याने तिच्या परसात वाफा केला, शेणखत घातलं, वहाळाचं पाणी पाटाने आणलं. सड्यावर वीतभर वाढणारं किराईत इथे कमरेला लागलं. लोक कौतुकाने बघायला यायचे आणि जाताना तांब्याभर पाणी घालून जायचे. एवढ्या मायेला नको कसं म्हणायचं? आवडीने घालू दिलं. चूक झाली ती तिथेच.

अश्विनात ताप आला आणि पहिली आडवी पडली रावजीचीच शेवंती, आईवेगळी एकुलती लेक. आवडीने वाफ्यातलं किराईत उकळून पाजलं. पोर मुकाट प्यायली. ताप उतरला नाही. पुन्हा पाजलं, पुन्हा मुकाट प्यायली आणि तापाच्या ग्लानीत तिने डोळे मिटले. तेव्हा कुठे आवडीच्या मनात पाल चुकचुकली. तिने वाफ्यातलं एक पान चावून बघितलं. त्यापेक्षा माठाच्या भाजीला जास्त चव!

"रावजी, आपून ह्याला लाडावला रे," ती म्हणाली. "ज्याला काय सोसावाच लागला नाय, त्याच्यात कडूपणा येनार कुठना?"

भर उन्हात ती सड्याकडे निघाली. रावजी सोबत धावला, तर त्याला तिने लेकीपाशी बसवलं. कातळ तव्यासारखा तापलेला आणि आवडीला तर वाकताही येईना. असं म्हणतात की किराईताची रोपं भेगांतून आपणहून सुटली आणि तिच्या ओच्यात येऊन पडली. कुणी म्हणतात, तिच्या पायांखालचा कातळ गार झाला. मला विचाराल तर दोन्ही खरं.

नवा काढा ओठांना लागला मात्र, शेवंतीने तोंड वाकडं केलं, थू थू केलं आणि ती किंचाळली, "कडू!" ते ऐकून रावजी ओक्साबोक्शी रडला. संध्याकाळी पोरीला घाम सुटला. बाकीच्या वाडीलाही त्याच किराईताने तारलं.

रावजी रागारागाने वाफा उखडायला निघाला, तर आवडी हसून म्हणाली, "पडवळ लाव त्यात. त्याला मानवतील तुजे लाड."

पुढे एक दिवस आवडी सड्यावर गेली ती परत आली नाही. ती कातळातच राहिली, असं म्हणतात. त्या कातळावर आजही कुणी खत टाकत नाही, की ओंजळभर पाणी घालत नाही. अश्विनात घराघरांत तिथल्याच किराईताचा काढा होतो. पोरं तोंडं वेडीवाकडी करून "कडू, कडू!" ओरडायला लागली, की मोठी माणसं हात जोडतात आणि म्हणतात, "आवडी आली."