ठकूमायची सहाण

घरोघरी पाणी तांब्याच्या घागरीतच भरून ठेवायचे, त्या काळची ही गोष्ट. सोनसळ गावात तांबटांची एक आळी होती. उजाडलं की घराघरातून हातोड्यांचा ठोका सुरू व्हायचा, तो दिवेलागणीपर्यंत. आळीतली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची, आणि आपण ओरडतोय हे त्यांच्या गावीही नसायचं. तिथली तान्ही पोरं ठोका थांबला की दचकून उठायची, असं म्हणतात.

आळीच्या टोकाला ठकूमाय राहायची. एकटी बाई, आणि तिची एक काळी सहाण. कुणाचं कपाळ ठणकलं की ती सुंठ उगाळायची, कोमट लेप लावायची, डोळ्यांवर ओला फडका ठेवायची, धण्याचं पाणी घोटघोट पाजायची. तिचं बोट टेकलं की दुखणं उतरायला लागायचं, असं म्हणतात.

हरबा तांबटाची सून जिऊ मळ्यातून आलेली. माहेरी पाखरांचा काय तो आवाज. ती बाळंत झाली आणि तिचं डोकं उठलं. अर्धं कपाळ असं ठणकायचं की डोळा उघडेना. पोर रडलं की उचलायला जायची आणि भिंत धरून खाली बसायची. पोर आपल्या हातून पडेल, ही एकच भीती. झोपेतसुद्धा तिचे हात पोराला धरल्यासारखे वळलेले असायचे.

लवकर गुण यावा म्हणून सासूनं सुंठेत मिरं घालून जाड थर थापला. कपाळ भाजलं, दुखणं तसंच. मग सासूनंच तिचं गाठोडं बांधलं. हिला माहेरी धाडू, म्हणाली, पोर इथं शेळीच्या दुधावर वाढेल.

जिऊनं गाठोड्याकडे पाहिलं, पोराला उचललं आणि भिंती धरत धरत ठकूमायचा ओटा गाठला.

ठकूमायनं भाजलेली जागा सोडून कानशिलावर पातळ लेप लावला. पण दर ठोक्याला जिऊचं अंग दचकत होतं. तेव्हा ठकूमाय उठली, सहाण काखेत मारली आणि हरबाच्या दारात गेली. जत्रेचा मोठा हंडा घडत होता. घटकाभर ठोका थांबवा, ती म्हणाली.

हरबा हसला. "ठकू, तू तुझी सुंठ उगाळ. आमच्या हातोड्यात डोकं घालू नकोस."

"डोकं तुझ्या सुनेचं, हातोडा तुझा. मी मध्ये कुठं आले?"

एवढं बोलून ती दारातच बसली आणि उगाळू लागली. सुर्र, सुर्र. आणि नवल झालं. हातोडे पडत होते, पण आवाज येईना. हरबानं हंड्यावर जोर लावून घाव घातला, तोही मुका. साऱ्या आळीत सहाणेची तेवढी सुरसुर. त्या सुरसुरीच्या पलीकडे काहीतरी बारीक कुरकुरत होतं.

"हे काय गं?" हरबानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला, असं म्हणतात.

"तुझा नातू. भूक लागलीय त्याला."

हरबानं हातोडा खाली ठेवला. बघता बघता सारी आळी थांबली. ओट्यावर पोराला पाजता पाजता जिऊचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि कपाळ हलकं होतं. तिनं पोराला उचललं, भिंत न धरता उभी राहिली. घरी आली तर सासू खाली मान घालून गाठोड्याची गाठ सोडत बसली होती.

ठकूमाय दारातून कधी उठून गेली, कुणाला सांगता येत नाही. तिच्यामागे सहाणेवरचा लेप कितीतरी दिवस ओलाच होता, असं म्हणतात.

ती सहाण आजही हरबाच्या दारात आहे, मध्ये झिजून खोलगट झालेली. सावली पायाखाली आली की आधी त्या घराचा ठोका थांबतो, मग आळीचा. एक बाई सुंठ उगाळायला बसते, बाकीच्या पोरांना थोपटतात. अशा वेळी परका कुणी आळीत शिरला आणि काम का थांबलं म्हणून विचारू लागला, तर तांबट ओठांवर बोट ठेवतो.

"हळू," तो म्हणतो. "ठकूमाय उगाळतेय."