शेवटचा डबा

गाडी बोगद्यात शिरून बराच वेळ झाला, तरी रुळाची थरथर थांबली की त्यावर येऊन बसणाऱ्या चिमण्या आल्या नाहीत, तेव्हाच किणकिणीला काहीतरी चुकल्याची शंका आली.

यंत्रं एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. किणकिणी म्हणजे डोंगराच्या अलीकडच्या स्टेशनातली छोटी घंटा. पलीकडच्या स्टेशनात थोरली अक्का. मधल्या बोगद्यातून एकच रूळ जायचा. गाडी पोचली की अक्का वाजायची, मगच किणकिणी पुढच्या इंजिनाला लोखंडी गोळा द्यायची. गोळ्याशिवाय बोगद्यात शिरायचं नाही, असा रिवाज होता. पुढे शहर वाढलं, गाड्या दुप्पट झाल्या; रूळ मात्र एकच राहिला.

"घंटाबाई, द्या की गोळा!" पुढच्या गाडीचं थांबलेलं इंजिन फुरफुरलं. "माझ्यामागे आणखी दोघं खोळंबलेत."

"अक्का बोलली नाही अजून."

"तिला लागली असेल डुलकी. आणि तुम्ही तर पान पडलं तरी दचकता!"

ते खरंच होतं. किणकिणी ओशाळली, पण तिने गोळा सोडला नाही. "अक्का, पोचली का गं गाडी?" ती पुन्हा पुन्हा हाका मारत राहिली. रूळ बारीक थरथरत होता. तिने कान लावला आणि ती थक्क झाली. एवढ्या मोठ्या डोंगराच्या आतून कुणाचा खोकला, कुणाच्या बांगड्या, शेकडो माणसांची चुळबुळ त्या एका रुळावरून तिच्यापर्यंत येत होती.

तेवढ्यात पलीकडून अक्काची हाक आली.

"अर्धीच गाडी आली गं पोरी! मागचे डबे सुटून आतच राहिलेत. शेवटचा डबा दिसेना, म्हणून मी वाजले नाही. पुढचा गोळा आहे ना तुझ्याकडेच?"